बरगडीखालची नस: छातीची दुर्बीण शस्त्रक्रिया आणि जागेवरच्या भुलीचा इतिहास

मागच्या वेळी आपण ईथर आणि क्लोरोफॉर्मबद्दल बोललो होतो. म्हणजे अख्ख्या माणसाला झोपवणाऱ्या भुलीबद्दल. आजचा विषय तिच्या धाकट्या बहिणीचा आहे. माणूस जागा आहे, किंवा थोड्या वेळाने जागा होणार आहे, आणि त्याच्या शरीराचा एकच भाग गप्प करायचा आहे. तोही भाग कुठला, तर छाती. हात बधिर केला तर तो गळ्यात अडकवून ठेवता येतो, पाय उशीवर ठेवता येतो. छातीला विश्रांती देता येत नाही. मिनिटाला पंधरा-सोळा वेळा ती हलणारच.

आपल्याकडे एखाद्याच्या छातीचं ऑपरेशन झालं की भेटायला येणारे विचारतात, "उघडून केलं की दुर्बिणीतून?" दुर्बिणीतून म्हटलं की सगळ्यांचे चेहरे सैल होतात. दोन-तीन भोकं, चार दिवसांत घरी, मग दुखायचं काय त्यात? दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट येतो आणि म्हणतो, "काका, जोरात खोका." काका खोकत नाहीत. खोकल्याचा आव आणतात, घशातल्या घशात खाकरतात. कफ आतच राहतो, फुफ्फुसाचा खालचा भाग उघडत नाही, ताप चढतो, आणि चांगल्या झालेल्या ऑपरेशनवर न्यूमोनिया येऊन बसतो. छातीच्या बाबतीत दुखणं ही निव्वळ सहन करण्याची गोष्ट नाही, ती श्वासाची गोष्ट आहे. मॉर्फिन भरपूर दिलं तर दुखणं कमी होतं, पण मॉर्फिन श्वासही मंद करतं आणि खोकलाही दाबतं. म्हणजे ज्यासाठी दुखणं थांबवायचं, तेच हातातून जातं. गेली सव्वाशे वर्षं सर्जन आणि भूलतज्ज्ञ ज्याच्या मागे लागले आहेत तो प्रश्न एवढाच आहे: माणूस शुद्धीत हवा, खोकता यायला हवा, आणि बरगडी मात्र बोलायला नको.

आधी जागा समजून घेऊ. बरगड्यांच्या बारा जोड्या. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला आतून एक खाच असते आणि त्या खाचेतून तीन गोष्टी जातात: वर नीला, मध्ये रोहिणी आणि सगळ्यांत खाली मज्जातंतू. मराठीत आपण शिरेलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही नसच म्हणतो. आज नस म्हणजे मज्जातंतू, एवढं धरून चालू. ही नस तिघांत सर्वांत खाली असल्याने खाचेचं संरक्षण तिलाच सर्वांत कमी मिळतं. छातीतलं पाणी काढताना डॉक्टर सुई खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला चिकटून घालतात ते याचसाठी, वरच्या बरगडीखालचं हे त्रिकूट वाचावं म्हणून. आता दुर्बिणीचं ऑपरेशन बघा. भोक बोटभर रुंद, पण ते दोन बरगड्यांच्या मधे. त्यातून दुर्बीण किंवा हत्यार आत जातं आणि तिरकं करून फिरवलं जातं. बरगड्या काही बाजूला सरकत नाहीत. मग तरफेसारखा सगळा दाब येतो तो त्या नसेवर. कातडीवरची जखम लहान, पण आतली नस तासभर चेपलेली. त्यात ऑपरेशननंतर त्याच भोकातून नळी ठेवतात. ती नळी प्रत्येक श्वासाला छातीच्या आतल्या अस्तरावर घासते. फुफ्फुसाला स्वतःला कापलेलं कळत नाही, पण हे अस्तर मात्र अतिशय हळवं असतं.

आता इतिहासाकडे.

१८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर नावाचा सव्वीस वर्षांचा डॉक्टर होता. त्याचा मित्र सिग्मंड फ्रॉइड. हो, तोच. फ्रॉइड तेव्हा कोकेनवर लिहीत होता, पण त्याचा भर होता उत्साह, थकवा, मॉर्फिनचं व्यसन सोडवणं वगैरेवर. कोकेन जिभेला लागलं की जीभ बधिर होते हे तोवर बऱ्याच जणांना माहीत होतं. कोलरला डोळ्यांचा डॉक्टर व्हायचं होतं आणि डोळ्याच्या शस्त्रक्रियेत पेशंट हलता कामा नये ही त्याची अडचण होती. जीभ बधिर होते तर डोळा का नाही, हा साधा प्रश्न त्याला पडला. बेडकाच्या डोळ्यात थेंब, मग सशाच्या, मग स्वतःच्या. आरशासमोर बसून टाचणीच्या डोक्याने स्वतःच्या बुबुळाला हात लावायचा आणि काही कळत नाही म्हणायचं! सप्टेंबरमध्ये हायडेलबर्गला नेत्रतज्ज्ञांची परिषद होती. कोलरकडे जायला पैसे नव्हते. त्याचा निबंध ब्रेटाउअर नावाच्या दुसऱ्या डॉक्टरने वाचला. काही आठवड्यांत बातमी अटलांटिकपार गेली. कोलर ज्यू होता. पुढच्याच वर्षी एका सहकाऱ्याने त्याला त्यावरून शिवी दिली, त्यातून तलवारीचं द्वंद्व झालं, आणि ज्या शहराला त्याने एवढं दिलं तिथे त्याचं बस्तान काही बसलं नाही. तो शेवटी न्यूयॉर्कला गेला.

न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड आणि त्याचे सहकारी तोवर याच कोकेनच्या मागे लागले होते. कोलरने ते पृष्ठभागावर टाकलं. यांनी ते सुईने थेट नसेजवळ सोडलं. कल्पना साधी, पण तिचा अर्थ फार मोठा होता. जखम जिथे आहे तिथे औषध द्यायची गरज नाही, जखमेची खबर ज्या तारेवरून जाते ती तार अडवली की झालं. आजच्या सगळ्या 'ब्लॉक'चं मूळ इथे आहे. किंमतही त्यांनीच मोजली. हे लोक एकमेकांना आणि स्वतःला टोचून बघत होते. हॉल्स्टेडला कोकेनचं व्यसन लागलं. उपचारात मॉर्फिन आलं आणि ते पुढे आयुष्यभर राहिलं. जॉन्स हॉपकिन्सचा पहिला मोठा सर्जन म्हणून आपण त्याचं नाव घेतो, पण त्या सुरुवातीच्या गटातले सगळेच काही त्याच्यासारखे उभे राहू शकले नाहीत.

म्हणजे कोकेनला पर्याय हवा होता. तो जर्मनीत मिळाला. आल्फ्रेड आइनहॉर्नने प्रोकेन तयार केलं आणि १९०५ साली हाइनरिश ब्राउन या सर्जनने त्याचा वापर जगापुढे मांडला. बाजारातलं नाव नोवोकेन. सोबत थोडं अॅड्रेनलिन घातलं की रक्तवाहिन्या आकसतात, औषध तिथेच जास्त वेळ टिकतं आणि रक्तात कमी जातं, हेही ब्राउननेच रुजवलं. त्याच सुमारास हुगो झेलहाइम या जर्मन प्रसूतितज्ज्ञाने पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी एक वेगळी जागा शोधली. नस बरगडीखाली पोचण्याआधी मणक्याच्या बाजूच्या फटीतून बाहेर पडते. तिथे, म्हणजे मणक्याला लागून, औषध सोडायचं. यालाच पुढे 'पॅराव्हर्टेब्रल ब्लॉक' म्हणू लागले. हे नाव लक्षात ठेवा. ते मधे कित्येक वर्षं गायब होणार आहे.

आता दुर्बीण कुठून आली? बरेच जण सांगतात, १९९० नंतर अमेरिकेतून. तसं नाही. १९१० साली स्टॉकहोममध्ये हान्स क्रिश्चन याकोबेउस नावाच्या फिजिशियनने, म्हणजे सर्जनसुद्धा नव्हे, मूत्राशय तपासायची दुर्बीण घेतली आणि ती छातीत घालून बघितली. छातीत पाणी झालेले पेशंट होते. पाणी काढायचं, त्या जागी हवा भरायची आणि त्या पोकळीत डोकवायचं. पेशंट जागा. भूल फक्त जागेवरची. दिव्यांची, भिंगांची तेव्हाची अवस्था लक्षात घेतली तर अंगावर काटा येतो, पण त्याने ते केलं आणि छापलं.

तीन वर्षांनी हीच गोष्ट उपचाराच्या कामी आली. तेव्हा क्षयाला औषध नव्हतं. इटलीतल्या कार्लो फोर्लानिनीने एक मार्ग काढला होता: छातीत हवा भरून फुफ्फुस मिटवायचं, म्हणजे त्याला विश्रांती मिळते आणि पोकळी भरून येते. पण अनेकांच्या फुफ्फुसाला जुन्या आजाराने छातीच्या भिंतीशी दोऱ्यांसारखे चिकटे पडलेले असायचे. हवा भरली तरी फुफ्फुस त्या दोऱ्यांनी ताणलेलं राहायचं. याकोबेउसने दोन भोकं पाडली. एकातून दुर्बीण, दुसऱ्यातून तापलेली तार, आणि ते चिकटे जाळून सोडवले. माणूस जागा, कुशीवर झोपलेला, डॉक्टरांशी बोलतो आहे आणि त्याच्या छातीत दोन भोकांतून शस्त्रक्रिया चालू आहे. आज ज्याला आपण 'अवेक थोरॅकोस्कोपी' म्हणतो आणि ज्याबद्दल परिषदांमधून नवलाईने बोललं जातं, ती शंभर वर्षांपूर्वी युरोपातल्या क्षय रुग्णालयांत नेहमीची होती. आम्हाला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त चकित करणारी गोष्ट हीच वाटते.

मग ती गेली कुठे? क्षयावर औषध आलं. १९४३-४४ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडलं, पुढच्या काही वर्षांत आणखी औषधं आली आणि फुफ्फुस मिटवायची गरज संपली. चिकटे सोडवणारी दुर्बीणही कपाटात गेली. इकडे दुसरा रोग वर येत होता. १९३३ साली अमेरिकेत सेंट लुईसला एव्हर्ट्स ग्रॅहम याने कर्करोगासाठी एक संपूर्ण फुफ्फुस काढलं आणि पेशंट वाचला. पेशंट स्वतः डॉक्टर होता आणि तो पुढे सर्जनपेक्षा जास्त जगला. कारण ग्रॅहम, जो आयुष्याच्या उत्तरार्धात सिगारेट आणि कर्करोग यांचा संबंध दाखवणाऱ्यांपैकी एक होता, तो स्वतः १९५७ मध्ये फुफ्फुसाच्याच कर्करोगाने गेला. १९४९ मध्ये एरिक कार्लेन्स या स्वीडिश डॉक्टरची दुहेरी नळी आली. तिच्यामुळे एक फुफ्फुस चालू ठेवून दुसरं थांबवता येऊ लागलं. आता छाती मोठी उघडायची, बरगड्यांत लोखंडी फाकणी घालून त्या रुंद करायच्या आणि निवांत काम करायचं. पेशंट पूर्ण बेशुद्ध. सर्जनला हेच सोयीचं होतं. मग जागेवरची भूल हवी कशाला? पॅराव्हर्टेब्रल ब्लॉकही याच काळात विस्मरणात गेला.

पण पेशंट उठायचा. आणि उठल्यावर दुखायचं. माणसाला करता येणाऱ्या जखमांत फाकणी घातलेली छाती ही सर्वांत दुखऱ्या जखमांपैकी एक मानली जाते.

या काळात औषधं मात्र सुधारत होती, आणि पुन्हा स्वीडनमध्येच. ही गोष्ट आम्हाला फार आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. स्टॉकहोममध्ये काही संशोधक सातूवर काम करत होते. विषय शेतीचा, हरितद्रव्य नसलेल्या सातूच्या जातींचा. त्यात त्यांना एक पदार्थ मिळाला, ग्रॅमिन. त्याची रचना पक्की करण्यासाठी होल्गर एर्डटमनने प्रयोगशाळेत त्याचा एक भाऊबंद पदार्थ तयार केला आणि, तेव्हाच्या रसायनशास्त्रज्ञांची खोड, चाखून बघितला. जीभ बधिर! खरा ग्रॅमिन चाखला तर काहीच नाही. तो आणि त्याचा विद्यार्थी निल्स लोफग्रेन यांनी त्या धाग्यावर काम सुरू केलं. डझनावारी पदार्थ करून झाले. शेवटी १९४३ मध्ये लोफग्रेनच्या हाती लिडोकेन लागलं. बेंग्ट लुंडक्विस्ट या तरुण सहकाऱ्याने ते स्वतःच्या अंगावर टोचून किती वेळ टिकतं ते तपासलं. १९४८ पासून अस्त्रा कंपनीने ते झायलोकेन या नावाने विकायला काढलं. दात काढायला गेल्यावर हिरडीत टोचतात ते हेच. ओठ सुजल्यासारखा वाटतो आणि चहा हनुवटीवर सांडतो, त्याचं मूळ स्वीडनच्या सातूत आहे.

लिडोकेनचा असर एक-दोन तास. छातीचं दुखणं तीन-चार दिवस. म्हणजे जास्त टिकणारं काहीतरी पाहिजे होतं. १९५७ मध्ये बो आफ एकेनस्टाम आणि सहकाऱ्यांनी ब्युपिव्हकेन बनवलं. कुठे? तर बोफोर्समध्ये. आपल्याकडे बोफोर्स म्हटलं की तोफ आणि १९८०च्या दशकातलं राजकारण आठवतं. पण दारूगोळा बनवणाऱ्यांकडे रसायनशास्त्रज्ञ असतातच, आणि त्याच कंपनीतून हे बधिर करणारं औषधही आलं. त्याचा माणसांवरचा सुरुवातीचा वापर, १९६३ साली फिनलंडच्या तेलिवुओ यांनी प्रसिद्ध केला तो, कशासाठी होता? छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतरच्या दुखण्यासाठी. आज जगभर सिझेरियनपासून गुडघ्यापर्यंत चालणारं औषध, आणि त्याच्या पहिल्या पानावर छाती आहे.

औषध मिळालं. पण ते सोडायचं कुठे? सत्तर-ऐंशीच्या दशकांत याचं उत्तर ठरलं: एपिड्यूरल. मणक्याच्या आत, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बारीक नळी ठेवायची आणि थेंब थेंब औषध द्यायचं. ही पद्धत स्पेनच्या फिदेल पाहेस या लष्करी सर्जनने १९२१ मध्ये स्पॅनिशमध्ये लिहिली होती. दोन वर्षांत तो अपघातात गेला आणि कुणी ते वाचलं नाही. दहा वर्षांनी इटलीत दोल्योत्तीने ती स्वतंत्रपणे मांडली आणि नाव त्याचं झालं. छातीच्या एपिड्यूरलने पेशंट खरोखर खोकू लागले. पण दोन्ही बाजूंच्या नसा बधिर होतात, रक्तदाब उतरतो, लघवी अडते, आणि रक्त पातळ करण्याचं औषध चालू असेल तर मणक्यात रक्त साचायची भीती. मोठ्या जखमेसाठी ही किंमत पटत होती.

आणि याच काळात दुसरी भीती समोर आली. १९७९ मध्ये जॉर्ज ऑलब्राइट या अमेरिकन भूलतज्ज्ञाने एक संपादकीय लिहिलं: ब्युपिव्हकेन आणि त्याच जातीचं एटिडोकेन चुकून शिरेत गेलं की हृदय बंद पडतं, आणि काही केल्या पुन्हा चालू होत नाही. बाळंतपणातले मृत्यू समोर आले. जी तार अडवायची तीच गोष्ट हृदयातही आहे. नसेतून खबर जाते ती सोडियमच्या दारांतून, आणि हृदयाचा ठोकाही त्याच जातीच्या दारांवर चालतो. ब्युपिव्हकेन त्या दारात शिरलं की लवकर बाहेर पडत नाही. टिकाऊपणा हाच त्याचा गुण आणि हेच त्याचं विष. अमेरिकेत १९८०च्या दशकात त्याचं सर्वांत तीव्र द्रावण बाळंतपणात वापरू नये असं ठरलं. लोक जास्त जपून वागू लागले, पण उतारा नव्हता.

उतारा सापडला तो अपघातानेच. शिकागोचे गाय वाइनबर्ग यांना कार्निटिनची कमतरता असलेला एक पेशंट आला. त्याला अगदी थोड्या ब्युपिव्हकेनने हृदयाचा त्रास झाला. चरबीचा आणि या विषाचा संबंध असावा असा अंदाज. मग उंदरांवर प्रयोग. शिरेतून स्निग्ध पदार्थ दिला तर विष जास्त बाधेल, अशी त्यांची अपेक्षा होती. झालं उलटं. उंदीर जास्त औषध सोसू लागले. हे १९९८ मध्ये छापून आलं. आणि तो स्निग्ध पदार्थ कोणता? तोंडाने खाता न येणाऱ्या पेशंटना शिरेतून दिलं जाणारं सोयाबीन तेलाचं दुधासारखं द्रावण, पुन्हा स्वीडनमध्येच विकसित झालेलं. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका भूलतज्ज्ञाने पहिल्यांदा ते माणसावर वापरल्याचं लिहिलं. खांद्याजवळ ब्लॉक दिल्यावर पेशंटचं हृदय थांबलं होतं, वीस मिनिटं छाती दाबून उपयोग झाला नव्हता, हे द्रावण दिल्यावर ते चालू झालं. आज जिथे ब्लॉक दिले जातात तिथे ही पांढरी बाटली हाताशी असावी असा दंडक आहे.

हे सगळं ऐकल्यावर १९९०च्या दशकात या. छोटे कॅमेरे आले, पडद्यावर चित्र दिसू लागलं, आतून टाके घालणारी यंत्रं आली. मिलानच्या रोविआरो यांनी आणि अमेरिकेतल्या काही सर्जननी दुर्बिणीतून फुफ्फुसाचा भागच काढायला सुरुवात केली. याकोबेउसची दुर्बीण कपाटातून बाहेर आली. फक्त पेशंट आता झोपलेला होता. फाकणी नाही, मोठी चीर नाही. मग लोकांनी काय म्हटलं? आपले काका म्हणतात तेच: भोकंच तर आहेत, गोळ्या पुरतील. एपिड्यूरल एवढ्याशा जखमेला जड वाटू लागलं आणि त्याच्या जागी बऱ्याच ठिकाणी काहीच आलं नाही.

हे किती चूक होतं याचा चांगला पुरावा डेन्मार्कमधून आला. २०१६ मध्ये बेंडिक्सेन आणि सहकाऱ्यांनी दोनशेच्या आसपास पेशंट चिठ्ठी काढल्यासारखे दोन गटांत वाटले, एका गटाला दुर्बीण, दुसऱ्याला उघडी छाती. पहिल्या चोवीस तासांत बऱ्यापैकी दुखलं असं सांगणारे उघड्या छातीच्या गटात ६३ टक्के, दुर्बिणीच्या गटात ३८ टक्के. दुर्बीण जिंकली, यात वाद नाही. पण तो ३८चा आकडा जरा वेळ बघा. दहात जवळजवळ चार. आणि हे दोन्ही गटांना एपिड्यूरल असताना.

मग भोकांच्या मापाची भूल कुठली? इथे झेलहाइम परत येतो. १९७९ मध्येच, म्हणजे ऑलब्राइटने धोक्याची घंटा वाजवली त्याच वर्षी, इंग्लंडमध्ये ईसन आणि वायट यांनी पॅराव्हर्टेब्रल ब्लॉकचा पुनर्विचार करणारा लेख लिहिला: एकाच बाजूला ऑपरेशन आहे, मग दोन्ही बाजू का बधिर करता? ब्रॅडफर्डला साबनाथन आणि रिचर्डसन यांनी तो सर्जनच्या हातात दिला. छाती उघडलेली आहेच, तर आतून अस्तर थोडं उचलायचं आणि नळी थेट मणक्याच्या बाजूला डोळ्यांनी बघून ठेवायची. २००६ मध्ये दहा चाचण्यांचा एकत्र हिशेब झाला. दुखणं दोन्हींनी सारखंच थांबतं, पण रक्तदाब उतरणं, लघवी अडणं, मळमळ हे पॅराव्हर्टेब्रलमध्ये कमी. दुर्बिणीच्या काळाला हवा होता तो ब्लॉक ऐंशी-नव्वद वर्षं पडून होता.

मधे काही वाटा फसल्याही. १९८६ मध्ये राइएस्टाड आणि स्ट्रॉमस्काग यांनी औषध सरळ छातीच्या पोकळीत, फुफ्फुस आणि अस्तराच्या मधे सोडलं. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर वगैरे ते बरं चाललं. पण छातीच्या ऑपरेशननंतर तिथे नळी असते ना! औषध आत सोडायचं आणि ते पाण्याबरोबर नळीतून बाटलीत. नळीला चिमटा लावून ठेवा म्हटलं तर हवा कोंडायची भीती. तसंच अलीकडचं, चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत भरलेलं ब्युपिव्हकेन. अमेरिकेत २०११ मध्ये त्याला परवानगी मिळाली, दावा तीन दिवस टिकण्याचा. नंतरच्या स्वतंत्र तपासण्यांत साध्या, स्वस्त ब्युपिव्हकेनपेक्षा फार काही जास्त हाती लागलं नाही. त्यावर कंपनीने चक्क त्या शास्त्रीय नियतकालिकाच्या प्रकाशकांवर दावा लावला आणि कोर्टाने तो फेटाळला. वेदनेच्या इतिहासात कोर्टकचेरीही असते.

२०१६ मध्ये कॅनडात हॅमिल्टनच्या मॉरिसिओ फोरेरो आणि सहकाऱ्यांनी आणखी सोपी जागा दाखवली. मणक्याच्या बाजूने पाठीचा जो उभा स्नायू असतो, ताठ बसल्यावर हाताला लागतो तो, त्याच्या खाली, मणक्याच्या बाजूच्या हाडाच्या टोकावर औषध सोडायचं. सोनोग्राफीत सुईचं टोक दिसतं, ते हाडाला टेकतं, फुफ्फुस दूर राहतं. त्यामुळे नवशिक्यालाही जमतं आणि हा ब्लॉक वाऱ्यासारखा पसरला, आपल्याकडच्या हॉस्पिटलांतही. पण औषध तिथून पुढे नसेपर्यंत नेमकं पोचतं कसं, यावर भांडण आहे. मृतदेहांवर रंग सोडून पाहिलं तर कधी तो पुढच्या फटीत पोचतो, कधी मागेच राहतो. पेशंटला मात्र आराम पडतो, निदान बऱ्याच जणांना. २०२२ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांच्या गटाने दुर्बिणीच्या छाती-शस्त्रक्रियेसाठी शिफारस केली ती पॅराव्हर्टेब्रल किंवा हा नवा ब्लॉक, सोबत पॅरासिटामॉल आणि सूज कमी करणारी गोळी, आणि मॉर्फिन जातीचं औषध फक्त उरल्यासुरल्यासाठी. आमचं मत विचाराल तर, पॅराव्हर्टेब्रल जाणणारा हात उपलब्ध असेल तर तोच. नसेल तर नवा ब्लॉक 'काहीच नाही'पेक्षा शंभर पटीने बरा.

आणि वर्तुळ पूर्ण झालंच आहे म्हणा. २००४ मध्ये रोमच्या पोंपेओ यांनी फुफ्फुसातल्या लहान गाठी जाग्या पेशंटच्या छातीतून दुर्बिणीने काढल्याचं लिहिलं. याकोबेउसनंतर नव्वदेक वर्षांनी.

शेवटी एक प्रश्न घेतो, तो नेहमी येतो. "माझ्या वडिलांचं ऑपरेशन छातीत झालं, ब्लॉकही दिला, छाती दुखत नव्हती, मग खांदा का दुखत होता? डॉक्टर म्हणाले, झोपण्याच्या पद्धतीने." काही वेळा तसं असतं. पण बहुतेकदा खांदा निर्दोष असतो. श्वासपटलाची नस मानेतून निघते, तिसऱ्या ते पाचव्या मणक्याच्या पातळीवरून, आणि खांद्याच्या कातडीची खबरही तिथेच जाते. श्वासपटल किंवा हृदयाभोवतीचं आवरण चिडलं की मेंदूला वाटतं खांदा दुखतोय. बरगडीखालच्या सगळ्या नसा बधिर केल्या तरी ही तार चालूच राहते. २००१ च्या एका ब्रिटिश चाचणीत सर्जनने छाती बंद करण्याआधी त्या नसेजवळच्या चरबीत १० मिली लिडोकेन सोडलं. न दिलेल्यांत ८५ टक्क्यांना खांदा दुखला, दिलेल्यांत ३३ टक्क्यांना. मग सगळे का देत नाहीत? कारण तीच नस श्वासपटल हलवते. एका बाजूचं फुफ्फुस आधीच कापलेलं असताना त्याच बाजूचं श्वासपटल काही तास सुस्त करायचं की नाही, हे दमेकरी म्हातारा समोर असेल तर वेगळं ठरतं आणि पस्तिशीची निरोगी बाई असेल तर वेगळं. वडिलांना परत कधी असं झालं तर डॉक्टरांना एवढंच सांगा की खांदा हलवून दाखवला तर दुखणं वाढत नाही, पण खोल श्वास घेतला की वाढतं. त्यावरून त्यांना कळेल कुठली तार आहे ती.